जागल

पुंता आरेनासला वारा सुटला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधून जातात,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
त्या दोराला धरून ती आली, मंगळवारी.
दुसऱ्या हातात दवाखान्याचा कागद,
चुरगळलेला, पण उडू न दिलेला.

उबेर्लिंदा. वय एकावन्न.
खेकडे सोलायच्या कारखान्यात, सकाळची पाळी.
कागदावर: निद्रानाश. अतिसावधपणा.
रात्री एक गोळी.
आणि खाली, तिरक्या अक्षरात: उपचारांना सहकार्य करत नाही.

आमच्या अर्जात सातवा रकाना असतो, तक्रारीचा.
अकरा वर्षं मी तो भरत आले,
डॉक्टरांचं अक्षर माझ्या अक्षरात उतरवून.
शाई माझी, शब्द त्यांचे.
कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्या दिवशी शेगडी बंद पडली होती,
मिर्ता गॅसवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होती,
आणि मी, निव्वळ वेळ काढायचा म्हणून, विचारलं:
डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा करता काय?

ऐकते, ती म्हणाली.

जिना ऐकते. चौदा पायऱ्या आहेत, नववी करकरते.
तिला तेल लावू देत नाही मी कुणाला.
नववी वाजली की पाच उरतात.
पाच पायऱ्यांत नायादेतला उठवायचं,
भिंतीवर दोनदा थाप मारायची.
पलीकडे क्लोरिंदाबाई रेडिओ मोठा करते.
रेडिओ लागला की त्याला कळतं, आळीत कुणीतरी जागं आहे.
मग कधी कधी तो नुसताच दारात उभा राहतो.
कधी कधी.

बूट घालूनच निजते, म्हणाली. पोरगीही.
जूनमध्ये अनवाणी किती लांब जाणार?

आणि गोळ्या?
पिठाच्या डब्यात आहेत. सगळ्या.
माझा हात आपसूक बाराव्या रकान्याकडे गेला,
तो कसला रकाना ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं
आणि हसली, पहिल्यांदाच, समोरचा तुटका दात दिसेल इतकी.
मरायला नाहीत गं त्या.
गोळी घेतली
तर नववी ऐकू कशी येईल?

मिर्तानं फोन खाली ठेवला होता. केव्हा, कळलं नाही.

मी 'निद्रानाश' खोडलं. वर लिहिलं: जागल करते.
पिकावर करतात तशी,
फक्त इथे रानडुक्कर किल्लीनं दार उघडून येतं.

आठवड्यानं सान्तियागोहून फाइल परत आली:
सातव्या रकान्यातला शब्द यादीत नाही.
यादीतला निवडून पुन्हा पाठवा.
पुन्हा तोच पाठवला. पुन्हा परत.

मधल्या काळात कोर्टाचा कागद झाला,
कुलूप झालं, आणि सामुद्रधुनीच्या बाजूला
पत्र्याचं एक बैठं घर मिळालं, निळं, दोन खोल्यांचं.
आम्ही खूश. ती तीन आठवडे टक्क जागी.
जिनाच नाही, म्हणाली. कानोसा कशाचा घेऊ?
इथे वाराच सगळं बोलतो, माणूस आला तर कळायचं कसं?

असल्या कामाला आमच्याकडे कुठलंच खातं नाही.
मिर्ता घरून हातोडी घेऊन आली.
उंबऱ्याच्या आत एक फळी ठोकली आम्ही,
वाईट ठोकली, मुद्दाम, दोन खिळे कमी.
उबेर्लिंदानं तीवर पाय ठेवून पाहिला,
मग पुन्हा, टाचेवर जोर देऊन.
अजून थोडी सैल करा, म्हणाली.
नायादेतनं कानावर हात ठेवले आणि म्हणाली, बास.

परवा ती भेटीला उशिरा आली.
गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली, कानापर्यंत.
मी काही विचारलं नाही.
पिठाच्या डब्याचंही नाही; ते विचारायला हवं होतं.

फाइल टेबलावर आहे, पाचव्यांदा परत आलेली.